उघडी ठेवलेली सोंगटी

नांदेड
१८ ऑगस्ट २०२४, रविवार

चि. सौ. पंचशीला हिस,
आनंदराजचा जयभीम. वि. वि.

कालपासून तुझे चार फोन आले. मी उचलले नाहीत, उचलणारही नाही. फोनवर तू रडतेस, मी ओरडतो आणि मुद्दा बाजूला राहतो. तेव्हा उत्तर द्यायचं तर पत्रानं दे, आणि मुद्द्याला धरून दे.

मुद्दा असा. गेल्या वर्षी जूनमध्ये मला छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत, अष्टा-चंगाच्या पटावरच भोवळ आली. त्यानंतर तू आमच्या बाइंडिंगच्या मकबूलभाईंना फोन करून सांगितलंस की दादाला हरवू नका. खरं की खोटं? खोटं म्हणायच्या आधी हे वाच, की रविकिरणनं काल माझ्या तोंडावर कबूल केलं आहे. कॉम्प्युटरवर डिझाईन करणारं पोरगं ते, पोटात काही राहत नाही. म्हणाला की काका, रागावू नका, पंचशीलाताईंचाच फोन आला होता, तेव्हापासून आम्ही तिघं सांभाळूनच खेळून राहिलो.

सांभाळून! मी काय काचेचं भांडं आहे?

मला संशय कुठं आला तेही ऐक. पंधरा ऑगस्टला तुझ्या नव्या घरी बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, बायका चिंचोके घेऊन ओसरीत बसल्या. मी माझी वही सोबत आणली होती, तुझ्या घरच्यांना दाखवायला. त्या वहीत आमच्या छापखान्यातला प्रत्येक डाव लिहिलेला आहे, कोण खेळलं, कोणी कोणाची सोंगटी मारली, कोण जिंकलं. मी सगळ्यांसमोर सांगत होतो की चौदा महिन्यांत मला कोणी धरू शकलेलं नाही. तुझ्या सासूबाई धुरपताबाई म्हणाल्या की पाव्हणं, खेळता का नुसतंच वाचून दाखवता? वय चौऱ्याहत्तर, एका डोळ्याला मोतीबिंदू. पाच डाव झाले. पाचही मी हरलो. तिसऱ्यात तर माझी एकसुद्धा सोंगटी आतल्या घरांत गेली नाही. तुझी शेजारीण तोंडाला पदर लावून हसत होती, मी पाहिलं.

परतताना गाडी अहमदपूरच्या स्टँडवर वीस मिनिटं थांबली. तिथं बाकड्यावर बसून मी वही काढली आणि हिशोब मांडला. भोवळ यायच्या आधीच्या दोनशे डावांत मी त्रेपन्न जिंकलो. चौघांच्या खेळात तेवढंच व्हायला पाहिजे. नंतरच्या दोनशे चार डावांत एकशे एकसष्ट! आता नियम तुलाही माहीत आहे, तरी लिहितो, कारण सगळं त्यावरच आहे: दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आपल्याला आतल्या घरांत जाता येत नाही. म्हणजे मला जिंकवायचं तर कोणीतरी आपली सोंगटी फुलीच्या सुरक्षित घरातून बाहेर काढून माझ्यापुढं उघडी ठेवली पाहिजे. त्या एकशे एकसष्ट डावांपैकी एकशे अडतीस डावांत मी पहिली सोंगटी मारली ती मकबूलभाईंची. आणि मकबूलभाई हा माणूस असा, की वीस वर्षांत त्यानं कापडी पुठ्ठा एक सूत वाकडा चिकटवलेला नाही. त्याची सोंगटी चुकून उघडी राहते?

चौदा महिने मी रोज दीड वाजता राजासारखा बसायचो आणि तिघं माझं तोंड बघून चिंचोके टाकायचे. ही तुझी करामत.

मंजुश्री आणि धम्मप्रिया बऱ्या आहेत. त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही. तू मात्र उत्तर दे.

लोभ आहे तेवढा आहे. वाढवा म्हणायची आज इच्छा नाही.

तुझा,
आनंदराज


लातूर
२५ ऑगस्ट २०२४

ती. दादास,
पंचशीलाचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. पोस्टमन म्हणाला की मॅडम, शाळेची काही चौकशी लागली का, पाकीट लई जाड हाय. मी म्हटलं की चौकशीच समजा, साहेब नांदेडला बसतात.

मुद्द्याला धरून लिहिते. हाव, केला फोन. हरवू नका असंच म्हटलं, शब्दाला शब्द. मकबूलभाई आधी नाही म्हणाले होते. म्हणाले की ताई, खेळात खोटं कसं करायचं, अल्लाला काय तोंड दाखवू. मीच गळ घातली. तेव्हा त्यांच्यावर राग काढू नकोस, माझ्यावर काढ, तुझी सवयच आहे.

आता माझंही ऐकून घे. तुझ्याशी कोणी खोटं खेळलं म्हणून तुझा अपमान झाला. पण तुझ्याशी खरं खेळायची कोणाची छाती आहे? मी नऊ वर्षांची होते, तू चौदाचा. माझं दान पडलं, अष्टा, आठ. एक चिंचोका ओट्याच्या भिंतीला टेकून तिरपा राहिला. तू म्हणालास की दान धरायचं नाही, पुन्हा टाक. पुन्हा टाकलं तर म्हणालास की हात पटाच्या आत आला, पुन्हा टाक. सहा वेळा टाकायला लावलंस, दादा. सातव्यांदा मी चिंचोके ओढ्यात टाकून आले आणि त्यानंतर तुझ्याबरोबर कधी बसले नाही. तुला आठवतही नसेल. तुझ्या वहीत हा डाव नाही.

छापखान्यातही तेच. तुझे ते नरसिंगराव, पेपर कापतात ते, त्यांच्या बायकोनं मला दवाखान्यात सांगितलं होतं की चटणी-भाकरीचा घास तोंडात असताना साहेब नियम काढतात आणि ह्यांचा घास तसाच राहतो. तू जिंकायला लागलास तशी त्यांची पोटभर जेवणं व्हायला लागली.

आणि घरचं म्हणशील तर वहिनी खेळते का तुझ्याबरोबर? वहिनी खेळते. धम्मप्रियाबरोबर, दर शनिवारी संध्याकाळी, तू छापखान्यातून यायच्या आत. पट तांदळाच्या डब्यामागं असतो. धम्मप्रिया म्हणते की आईसारखं खेळणारं आपल्या अख्ख्या नात्यात कोणी नाही.

हे लिहायला नको होतं. रागात लिहून गेले. खोडलं असतं, पण खोडलेलं तू उजेडात धरून वाचतोस. वहिनीला बोलू नकोस. तुला माझ्या गळ्याची शपथ घालते, आणि गोळ्या वेळेवर घे.

राग उतरला की लोभ करशीलच, तोवर मी थांबते.

तुझी,
पंचशीला


नांदेड
१ सप्टेंबर २०२४

पंचशीला,
जयभीम.

पट सापडला. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर, स्केचपेननं काढलेला. घरं मोजली. कोणतं चार सेंटिमीटर, कोणतं साडेचार, आणि मधली फुली चक्क एका बाजूला सरकलेली. ज्या घरातला माणूस चार रंग एकावर एक केसाच्या अंतरानं बसवून देतो, त्या घरात हा असला पट! सोंगट्या म्हणून शर्टाची बटणं. त्यातली दोन माझ्या शर्टाची, जी मी मार्चमध्ये शोधत होतो.

मंजुश्रीला विचारलं. तिनं पोळी लाटणं थांबवलं नाही. म्हणाली की लग्नानंतर दुसऱ्या वर्षी एकदा बसले होते तुमच्यासोबत. माझी सोंगटी तुम्ही मोजून दोन घरं मागं नेली, मग माझी मोजणी बरोबर निघाली तरी म्हणालात की डाव बिघडला, पहिल्यापासून. तेव्हाच ठरवलं की या माणसासोबत संसार करीन, खेळणार न्हाई. एवढं बोलून म्हणाली की सरका, तव्याचा धूर डोळ्यात जाईल.

चोवीस वर्षं! आणि मला वाटत होतं की तिला खेळाची आवड नाही. मी लोकांना तसं सांगतही होतो.

तीन दिवस मी घरात बोललो नाही. त्या दोघींना त्याचा फारसा फरक पडलेला दिसला नाही, उलट टीव्हीचा आवाज वाढला. छापखान्यात मी कटिंग मशीनमागं एकटा डबा खातो. ते तिघं टेबलावर बसतात, पण पट काढत नाहीत. नरसिंगरावांना म्हटलं की माझ्यासाठी थांबू नका, खेळा. ते म्हणाले की चौथ्याशिवाय काय खेळायचं. तिघांतही खेळता येतं, नियमात बसतं, तेही मी त्यांना सांगितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि मान खाली घातली.

तुला वाटतं मी अपमानासाठी रागावलो. तू शिक्षिका आहेस म्हणून तुला सांगतो. मी नववीतून बाहेर पडलो. ऑफसेट मशीन मला कोणी शिकवलं नाही. डिक्शनरी मांडीवर घेऊन मशीनचं पुस्तक वाचलं, बाकीचं वाया गेलेल्या कागदानं शिकवलं. शाई जास्त झाली की कागद सांगतो, प्लेट हलली की कागद सांगतो. कागदाला माझी दया येत नाही, म्हणून मी मशीनमन झालो. ज्याला शिकवणारा नव्हता त्याच्याकडं चुकांशिवाय काय असतं? चौदा महिने तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्या चुका माझ्यापासून लपवल्या. मी समजत होतो की माझा खेळ सुधारतोय. तो सडत होता.

बाहेर माझ्यासोबत खोटं खेळतात आणि घरात खेळतच नाहीत. हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी, लहान बहिणीच्या पत्रातून कळावं.

आता पत्रही नको.

आनंदराज


लातूर
८ सप्टेंबर २०२४

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

नको म्हणालास तरी लिहिते, कारण तुझं पत्र मी तीनदा वाचलं. कागदाचं वाचलं तेव्हा वर्गात पोरांच्या वह्या तपासत होते. एका पोराची चूक मी गोल करायचं सोडून दिलं होतं, घरी मार खातं म्हणून. तिथं परत गेले आणि गोल केला. तेवढं तुझं बरोबर आहे. वहिनीचं गुपित फोडलं त्याचीही माफी मागते, तुझी नाही, तिची.

फोनची माफी मागणार नाही. त्या दिवशी मी पहिल्या गाडीनं आले. तुझं तोंड पांढरं पडलं होतं, सलाईन लावलेली. डोळे उघडलेस आणि मला विचारलंस की दान कोणाचं होतं. मी कशी आले, जेवले का, हे काही नाही. दान कोणाचं. अण्णा गेले तेव्हा बावन्नचेच होते. त्यांचंही असंच, रेशनच्या दुकानात मापावरून भांडताना बसले ते उठले नाहीत. मी बारावीत होते. माझी फी तू भरलीस, मला डी.एड.ला तू पाठवलंस. दवाखान्यातून बाहेर येऊन मी फोन लावला तेव्हा मला खेळाचा नियम दिसत नव्हता. तुला दिसला असता का?

धुरपता आत्याबाई समोर बसल्या आहेत. त्या सांगतात ते जसंच्या तसं लिहिते. म्हणतात की त्या पाव्हण्याला लिव्ह, पाच डाव हरला त्याचं काय न्हाई, पण चहा न पिता गेला त्ये मला लागलं. म्हणतात की ह्यो मानूस एकच सोंगटी घेऊन पळतो, बाकीच्या तीन घरात निजलेल्या. असं कोन खेळतं? ज्याला कवाच कोनी मारलं न्हाई त्यो. म्हणतात की मी कोनाला सोडत न्हाई, माझ्या नवऱ्याला सोडलं न्हाई, नातवाला सोडलं न्हाई. यायचं तर ये म्हनावं, भाकर खायची मात्र हरल्यावर बी.

मी इतकंच म्हणते की मकबूलभाईंबरोबर बोल. ते मला रोज फोन करून म्हणतात की वहिनीला विचारा, डबा घरी रिकामा येतो का.

लोभ असो नसो, सकाळची गोळी सकाळीच घे.

तुझी,
पंचशीला


नांदेड
२२ सप्टेंबर २०२४, रविवार

चि. सौ. पंचशीला हिस,
जयभीम. वि. वि.

राग गेलेला नाही, हे आधी लिहून ठेवतो.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मेडिकलमधून रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं आणि मंजुश्रीला म्हटलं की माझ्यासोबत सात दिवस रोज एक डाव खेळ. तिनं अट घातली की डाव संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. मान्य केलं. पट तिचाच, वाकडा. डावाआधी आणि डावानंतर धम्मप्रियानं माझ्या दंडाला पट्टा बांधायचा आणि आकडा लिहायचा.

मंजुश्री कशी खेळते ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. ती चारही सोंगट्या जोडीजोडीनं आणते, घाई नाही, माझ्याकडं बघत नाही, आणि मी फुलीच्या घरातून पाऊल बाहेर काढलं की मारते. मारताना बांगड्यांचाही आवाज होत नाही. सातपैकी सहा डाव मी हरलो. जीभ इतक्या वेळा चावली की दुसऱ्या दिवशी लोणचं खाववलं नाही. पण आकडे बघ: हरल्यावर वरचा एकशे चौतीस, एकशे अडतीस, एकशे छत्तीस. हरल्यानं मला काही होत नाही. हे मोजून सिद्ध झालेलं आहे.

पाचव्या दिवशी मी जिंकलो. त्या दिवशी एकशे अठ्ठावन्न.

कारण मला वाटलं, तिनं सोडलं. बोललोही तसं. ती म्हणाली की दोनदा अष्टा पडला तुम्हाला, मी काय चिंचोक्यांना शिकवून ठेवलंय? पोरीनं शपथ घेतली. त्या डावातली दानं आठवून मांडली तर तिचंच बरोबर दिसतं. तरी रात्रभर खात्री झाली नाही. पंचशीला, तुझ्या फोननं काय झालं ते हे आहे. आता मी खरा जिंकलो तरी मला ते कळत नाही. यावर तुझ्याकडं उत्तर असेल तर लिही, माझ्याकडं नाही.

बुधवारी तो आकड्यांचा कागद घेऊन छापखान्यात गेलो आणि मकबूलभाईंच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, खरं खेळा. ते पुठ्ठ्याला खळ लावत होते. म्हणाले की आनंदराजभाई, हाव, सोडत होतो मी. तुम्ही पडलात तेव्हा तुमचं डोकं टेबलाच्या लोखंडी कोपऱ्यावर जाणार होतं, मी हात घातला मधी. हे बघा, नख अजून काळंच हाय. कागदावर काय बी लिहिलं असू द्या, माझ्या हातानं तुमची सोंगटी न्हाई मरणार. मग मी ओरडलो. अख्खा छापखाना ऐकत होता. म्हटलं की तुम्ही माझं डोकं वाचवलंत ते मान्य, पण त्यानंतर चौदा महिने ते डोकं वापरू दिलं नाहीत, त्याचं काय? मशीनवर पोरं थांबली. मकबूलभाईंनी खळीचा ब्रश खाली ठेवला. मग हात धुऊन आले आणि म्हणाले की काढा पट. पण आजपासून घास तोंडात असताना नियम न्हाई निघणार. मी म्हटलं, मंजूर.

चौघं बसलो. माझी सोंगटी आत वळायला तीन घरं बाकी होती आणि मकबूलभाईंना तीन पडले. बरोबर तीन घरं मागं त्यांची सोंगटी. त्यांचा हात पटावर तसाच अधांतरी राहिला. रविकिरण माझ्याकडं बघतो, नरसिंगराव पाण्याचा तांब्या घेऊन उभे. पटाकडं कोणीच बघेना. मी म्हटलं की माझ्या तोंडाकडं काय बघता, दान पडलंय, चाला. मकबूलभाईंनी डोळे मिटले आणि मारली. माझी सोंगटी उचलून माझ्या हातात दिली, तेव्हा त्यांची बोटं थरथरत होती, माझी नव्हे. मी चौथा आलो. वहीत लिहिलं. डबा संपवला.

तुझा नऊ वर्षांच्या वेळचा डाव मला आठवतो. तू लिहिलंस की आठवत नसेल. आठवतो. तिरपा चिंचोका होता, पण दान अष्टाच होतं. मला तेव्हाच दिसलं होतं. तू जिंकत होतीस.

दोन ऑक्टोबरची सुट्टी आहे. पहाटेच्या गाडीनं निघून दहापर्यंत लातूरला येतो. आत्याबाईंना सांग की त्यांचा चहा घेईन, भाकरही खाईन, पण त्या दिवशी त्यांच्यासोबत बसणार नाही. तू बस. मकबूलभाईंना सांगितलंस तसं दादाला हरवू नको म्हणून स्वतःलाही बजावून ठेवू नकोस. मी पटावर तोंड उघडणार नाही, मोजणी तू कर, तू म्हणशील ते दान. माझी सोंगटी टप्प्यात आली की मार. हात थरथरला तरी मार.

लोभ मी कमी केलेला नव्हता, तुझ्याकडचा तू मोजून सांग.

तुझा दादा,
आनंदराज